कायदा झाला, तास भरले. मुलांना मराठीत बोलावंसं कधी वाटणार?

मा. शालेय शिक्षण मंत्री आणि मा. मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी ठाणे-मुलुंड पट्ट्यातल्या केंद्रीय मंडळाच्या एका शाळेत सहावी ते दहावीच्या वर्गांना मराठी शिकवते. सर्व शाळांमध्ये मराठी सक्तीची करणारा कायदा 2020च्या फेब्रुवारीत विधिमंडळाने एकमताने संमत केला, तेव्हा शिक्षक-खोलीत पेढे वाटणारी मी एकटीच होते. तो कायदा मला आजही हवा आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणी मला मराठीची वैरीण ठरवायला नको. हल्ली तो शिक्का फार लवकर बसतो.

पत्र लिहायला निमित्त झालं एका तक्त्याचं. मराठीचे आठवड्याचे तास किती, शिक्षकाची नेमणूक झाली का, पुस्तकं मुलांच्या हातात आहेत का, परीक्षा झाली का. असे तक्ते शाळांना भरावे लागतात, आम्हीही भरला. सगळी माहिती खरी होती आणि सगळे रकाने समाधानकारक होते. एवढ्या रकान्यांत एक प्रश्न मात्र नव्हता: ही मुलं मराठीत बोलतात का?

मी उत्तर देते. बोलत नाहीत.

कायदा 2020-21 पासून पहिली आणि सहावीला लागू झाला आणि दर वर्षी एकेक इयत्ता वर चढला. सहावीपासून सक्तीची मराठी शिकलेली पहिली तुकडी 2024-25 मध्ये दहावी होऊन बाहेर पडली. त्या तुकडीला मी शिकवलं आहे. त्यातली बरीच मुलं 'पावसाळ्यातील एक दिवस' या विषयावर दीडशे शब्द न अडखळता लिहितात, कारण तो निबंध त्यांना पाठ आहे. काही जण तो आधी रोमन लिपीत लिहून घेतात, घोकतात, आणि परीक्षेत देवनागरीत उतरवतात. 'धाबे दणाणणे' या वाक्प्रचाराचा अर्थ विचारा, सांगतील. पण स्टेशनबाहेर रिक्षात बसल्यावर 'पुलाच्या अलीकडे थांबवा' हे त्यांच्या तोंडून निघत नाही. पाच वर्षं सक्तीने शिकवलेल्या भाषेची ही कमाई आहे. आपल्या खात्याच्या नोंदीत ती 'अंमलबजावणी पूर्ण' अशी दिसते.

मुलं मंद आहेत म्हणावं, तर यांतलीच काही फ्रेंच शिकतात. बाहेर शिकवणी लावतात, रात्री मोबाइलवर धडे गिरवतात, चुका झाल्या की स्वतःशीच हसतात. फ्रान्स त्यांनी पाहिलेला नाही आणि त्यांच्या इमारतीत एकही फ्रेंच माणूस राहत नाही. मराठी माणसं मजल्यामजल्यावर राहतात. तरी फ्रेंच येते आणि मराठी येत नाही. मूल तेच, शाळा तीच. आपण एक दिवस फ्रेंच बोलत असू, असं स्वतःचं चित्र त्या मुलाच्या डोक्यात आहे. मराठी बोलणारा स्वतः त्याला दिसत नाही, आणि तो दिसावा म्हणून शाळेने, सरकारने किंवा आपण मराठी लोकांनी बोटही हलवलेलं नाही.

हे माझं मास्तरणीचं निरीक्षण म्हणून सोडून द्यायचं असेल, तर अभ्यासकांचं ऐकावं. कॅनडातल्या मॉन्ट्रिअलमध्ये इंग्रजी घरांतली मुलं शाळेत फ्रेंच शिकत होती. रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी त्यांचा अभ्यास करून 1959 मध्ये निष्कर्ष मांडले. भाषेची उपजत जाण कामी येते, हे तर दिसलंच. पण ती भाषा बोलणाऱ्यांविषयी काय वाटतं आणि शिकायची इच्छा किती आहे, याचाही यशाशी स्वतंत्र संबंध दिसला. म्हणजे केवळ हुशारीवर विसंबून चालत नाही.

दुसरं उदाहरण तर मुंबईचं आहे आणि आपल्याच माणसांचं आहे. यास्मीन लुकमानी यांनी 1972 मध्ये मुंबईतल्या मराठी भाषक विद्यार्थिनींच्या इंग्रजी शिकण्यावर संशोधन प्रसिद्ध केलं. या मुलींना इंग्रजांसारखं व्हायचं नव्हतं, त्यांच्यात मिसळायचंही नव्हतं. त्यांना नोकरी हवी होती, पुढचं शिक्षण हवं होतं, नव्या तऱ्हेचं आयुष्य हवं होतं. ज्यांची ही व्यवहारी ओढ जास्त, त्यांचं इंग्रजी चांगलं, असं त्यात आढळलं. जगभर हा अभ्यास दाखल्यासारखा सांगितला जातो. आपल्याकडे भाषेचं धोरण ठरवताना त्याचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नाही. या मुली म्हणजे माझ्या आईची आणि मावश्यांची पिढी. गिरगावच्या, दादरच्या, परळच्या चाळींतून निघून टायपिंगच्या परीक्षा देऊन फोर्टातल्या कचेऱ्यांत पोचलेल्या बायका.

आता हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारू. मुंबईत वाढणाऱ्या गुजराती, मल्याळी किंवा भोजपुरी घरातल्या मुलाचं मराठीवाचून काय अडतं? खरं सांगायचं तर फारसं काहीच नाही. कॉलेजचा प्रवेश अडत नाही, नोकरी अडत नाही. बँकेत, मॉलमध्ये, दवाखान्यात, ॲपवरून जेवण मागवताना हिंदी किंवा इंग्रजी चालते. सरकारी कचेरीत मराठी लागते, पण तिथे ही मुलं कधी जात नाहीत. त्यांचे वडीलसुद्धा एजंटाला पाठवतात. रिक्षाच्या परवान्यासाठी मराठीची अट 2016 मध्ये घालून पाहिली, ती 2017 मध्ये उच्च न्यायालयात टिकली नाही. थोडक्यात, लुकमानींच्या अभ्यासातल्या मुलींना इंग्रजीकडे खेचणारी जी व्यवहाराची ओढ होती, ती या मुलांना मराठीकडे खेचायला आपण शिल्लकच ठेवलेली नाही. मग उरतो आपलेपणा. या मुलांनी मराठी शिकावी ती इथल्या माणसांत आपलं काहीतरी आहे असं वाटून.

नेमकं इथेच आपलं सगळ्यात जास्त बिघडलं आहे.

माझ्या वर्गातल्या मुलांच्या कानावर मराठी कोणाच्या तोंडून पडते? पोळ्या करायला येणाऱ्या मावशी, शाळेच्या बसमधले दादा, शाळेतले शिपाई काका. मुख्याध्यापिका इंग्रजीत बोलतात. डॉक्टर इंग्रजीत बोलतात. वरच्या मजल्यावरचं अस्सल मराठी कुटुंब लिफ्टमध्ये शिरलं की हिंदीत बोलू लागतं आणि आपल्या मुलीला 'कम फास्ट' म्हणतं. सातवीतल्या एका मुलाने मला विचारलं होतं, "टीचर, मराठी मावशींशी बोलायला लागते ना? पण त्यांना हिंदी येते." यात उद्धटपणा नव्हता. त्याने जे पाहिलं तेच तो सांगत होता. मावशींची मराठी माझ्या पुस्तकातल्या मराठीपेक्षा कितीतरी जिवंत आहे, हे मी त्याला सांगितलंही. पण आपण ज्यांना हुकूम सोडतो त्यांची भाषा आपल्याला यावी, असं बारा वर्षांच्या मुलाला का वाटेल? मोठ्यांनाही वाटत नाही.

याच लॅम्बर्ट यांनी 1960 मध्ये दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच माणसाचा आवाज एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये ऐकवला, पण माणूस एकच आहे हे श्रोत्यांना कळू दिलं नाही. इंग्रजीत बोलणारा तो लोकांना जास्त हुशार आणि भरवशाचा वाटला. फ्रेंच भाषक श्रोत्यांचंही मत तेच पडलं. हा प्रयोग समजायला कॅनडाला जायची गरज नाही, आमच्या पालकसभेत येऊन बसावं. मराठी विषयाच्या शिक्षिकेशी मराठी पालक इंग्रजीत बोलतात. बाजूला बसलेली तमिळ आई ते ऐकते आणि काय समजायचं ते समजून जाते.

आता माझ्या तक्रारी सांगते.

पहिली पुस्तकाबद्दल. अमराठी मुलांसाठी म्हणून जी पुस्तकं आमच्या हाती येतात, त्यांचा सांगाडा मराठी घरातल्या मुलांच्या पुस्तकाचाच असतो, फक्त धडे थोडे आखूड केलेले असतात. कविता, तिचं रसग्रहण, समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार, पत्रलेखन. ज्या मुलाला तो-ती-ते अजून लावता येत नाही, 'माझी नाव' की 'माझं नाव' यात जो अडतो, त्याला आपण कवितेतलं सौंदर्य उलगडायला सांगतो. आणि जी संस्कृती पुस्तकात येते ती कोणाची? आजोळचा वाडा, अंगणातलं वृंदावन, बैलपोळा, हुरडा. सगळं गोड आहे, माझंही आहे. पण कांदिवलीच्या विसाव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाला त्यात आपल्यासाठी जागा सापडत नाही. (कांदिवलीतल्या मराठी मुलालाही सापडत नाही, हे जाता जाता.) त्याच्या आजूबाजूची मराठी पुस्तकात कुठेच नाही. लोकलच्या डब्यातलं भांडण, मासळीबाजारातली घासाघीस, गोविंदा पथकाचा सराव, सोसायटीच्या सभेतला वाद, मैदानावरची शिवीगाळ वगळून बाकी सगळी भाषा. महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या गुजराती, कोकणी मुसलमान, बेने इस्रायली ज्यू, तमिळ कुटुंबांची गोष्ट मराठीत कधी सांगितली जाते का? ज्या भाषेच्या पुस्तकात आपलं आडनाव एकदाही येत नाही, ती भाषा आपली वाटत नाही.

परकी माणसं मराठी कशी शिकली तेही पाहा. जर्मनीतल्या हायडलबर्गचे गुंथर सोंथायमर धनगरांच्या आणि खंडोबाच्या मागे मागे मराठीत आले. फ्रान्सहून आलेले गी पॉइत्वाँ पुण्यात राहून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करत राहिले. अमेरिकेच्या ॲन फेल्डहाउस महानुभावांच्या वाङ्मयातून आल्या. यांतल्या कोणालाही आधी व्याकरण पक्कं करून मग संस्कृती अशी वाट घालून दिलेली नव्हती. त्यांना काहीतरी हवं होतं आणि त्या वाटेवर मराठी होती. हे विद्वान लोक होते, त्यांची गोष्ट वेगळी, असं कोणी म्हणेल. म्हणून माझ्या वर्गातलंच एक उदाहरण देते. नववीतला एक मल्याळी मुलगा माझ्या तासाला वर्षभर गप्प बसायचा. मित्राबरोबर तो ढोल-ताशा पथकात गेला. पथकांचा सराव पावसाळ्यात चालतो, रोज संध्याकाळी, पुलाखाली नाहीतर मोकळ्या मैदानात. तिथे त्याला हिंदीत समजावायला कोणाला वेळ नव्हता. ठेका चुकला की ताशेवाला मराठीत ओरडायचा आणि नंतर मराठीतच चहा पाजायचा. गणपतीनंतर तो वर्गात बोलायला लागला तो थेट ठाण्याच्या नाक्यावरच्या मराठीत. 'टीचर, तुम्ही लय फास्ट शिकवता.' 'लय' वर लाल खूण करायची माझी छाती झाली नाही. परीक्षेत त्याला माझ्याकडून ब श्रेणी मिळाली, कारण पत्रलेखनाचा मायना त्याला आला नाही. वर्गातल्या अ श्रेणीवाल्यांपैकी कोणालाही त्याच्याइतकं बोलता येत नव्हतं.

म्हणून दुसरी तक्रार परीक्षेबद्दल. 2023च्या एप्रिलमध्ये आपण निर्णय काढला की करोनामुळे विस्कळीत झालेल्या सक्तीच्या त्या पहिल्या तुकडीला मराठीत गुणांऐवजी श्रेणी द्यावी आणि ती एकूण निकालात धरू नये. सवलत एका तुकडीपुरती होती आणि कारणही समजण्यासारखं होतं. पण तिचा अर्थ पालकांपर्यंत 'मराठी मोजत नाहीत' असा पोचला. मग गुण परत आणायची चर्चा सुरू झाली, आणि ती आजतागायत गुण की श्रेणी एवढ्याच चौकटीत फिरते आहे. कसली परीक्षा घेतो आहोत याचा विचार त्यात नाही. लेखी परीक्षेला शंभर गुण ठेवले तरी मुलं पाठ करतील, श्रेणी ठेवली तरी पाठ करतील. जे मोजाल ते मुलं करतात. आपण बोलणं मोजतच नाही.

तिसरी, शिक्षकांबद्दल. मातृभाषा म्हणून मराठी शिकवणं आणि दुसरी भाषा म्हणून मराठी शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. मी बी.एड.ला पहिलंच शिकले. दुसरं मला कोणी शिकवलं नाही. आमच्यापैकी अनेकींची नेमणूक वर्षाच्या कराराने होते. काही शाळांत हिंदी किंवा संस्कृतच्या शिक्षकाच्या गळ्यात मराठीचे तास घातले जातात. मराठीचा तास बहुधा शेवटचा, आणि वार्षिक संमेलनाची तालीम आली की पहिला बळी त्याचा. यातली काही दुखणी शाळांची आहेत, सरकारची नाहीत, हे मला कळतं. पण मराठी न शिकवणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड करता येईल अशी तरतूद आपण कायद्यात केलीत. मराठी चांगली शिकवणाऱ्या शाळेसाठी काय केलंत?

खेदाची गोष्ट म्हणजे साधन आपल्याच घरात पडून आहे. राज्य मराठी विकास संस्थेने मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाला बरोबर घेऊन अमराठी लोकांसाठी 'माय मराठी' हा अभ्यासक्रम तयार करून घेतला. परकी भाषा जशी शिकवतात तशी, संवादांतून, पायरीपायरीने मराठी शिकवणारा. जर्मन शिकवणाऱ्यांना मराठी शिकवायची पद्धत सुचावी यातला विनोद सोडून देऊ. काम नेटकं आहे. ते माझ्या वर्गापर्यंत आलेलं नाही. एक खातं पद्धत तयार करतं, दुसरं खातं सक्ती करतं, आणि दोन्ही खात्यांची तोंडं मंत्रालयात दोन दिशांना आहेत. हे पत्र आपणा दोघांना मिळून लिहिलं आहे ते त्यासाठीच.

चौथी तक्रार सरकारबद्दल कमी आणि आपल्या सगळ्यांबद्दल जास्त आहे. अमराठी माणूस मोडकीतोडकी मराठी बोलायला लागला की मराठी माणूस दोनच गोष्टी करतो. एक तर लगेच हिंदीवर जातो. नाहीतर हसतो. 'मी पाणी पिली' म्हटल्यावर भर वर्गात जे हसू उठतं, त्यानंतर ते मूल निदान सहामाही परीक्षेपर्यंत तोंड उघडत नाही. हसण्यात मराठी मुलं पुढे असतात, हे विशेष. भीती आणि संकोच असला की कानावर पडलेली भाषा आत जात नाही, हे स्टीफन क्रॅशन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी चाळीसेक वर्षांपूर्वी मांडलं. 2025च्या जुलैमध्ये मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला थोबाडीत मारल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. तो माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाने पाहिला होता. त्या आठवड्यात कोणाची मराठी सुधारली असेल, तर मला दाखवा. माझ्या वर्गात उलटं झालं. जी दोन-तीन मुलं हौसेने बोलत होती, ती चूक होईल या धास्तीने इंग्रजीवर गेली. मारणाऱ्यांना आपण मराठीची सेवा करतो आहोत असं वाटत असेल. त्या सेवेची भरपाई मला पुढचे कित्येक तास करावी लागली.

आणि सक्ती नुसती सक्ती म्हणून आली की काय होतं, हे आपल्याला शिकवायची गरज नसावी. 16 एप्रिल 2025च्या शासन निर्णयाने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी सक्तीची झाली, 17 जूनला दुसरा निर्णय काढून त्यातली भाषा मवाळ करण्यात आली, आणि लोक इतके संतापले की 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. त्या संतापात मीही होते. हिंदी येत नाही असा मराठी माणूस शहरात शोधून सापडणार नाही. सिनेमाने, गाण्यांनी, क्रिकेटच्या समालोचनाने आपल्याला ती शिकवली, हसतखेळत. तीच हिंदी हुकूम म्हणून आली तेव्हा नकोशी झाली. मद्रास प्रांतात हे आधीच घडून गेलं होतं. 1918 पासून दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेचं काम तिथे सुरू होतं आणि तमिळ माणसं आपखुशीने त्या परीक्षांना बसत होती. 1938 मध्ये राजाजींच्या सरकारने शाळांत हिंदी सक्तीची केली, आंदोलन पेटलं, लोक तुरुंगात गेले, आणि 1940 मध्ये सक्ती मागे घ्यावी लागली. प्रचार सभेच्या हिंदी परीक्षांना मात्र तमिळनाडूतली माणसं आजही बसतात.

राज्यभाषा मराठी आणि तिसरी भाषा हिंदी यांची बरोबरी मी करत नाही. ज्या राज्यात राहतो तिथली भाषा शाळेत शिकवली गेलीच पाहिजे. पण राज्यभाषेची सक्तीसुद्धा एकटीने काय करू शकते, हे आयर्लंडकडे पाहून कळतं. स्वातंत्र्यानंतर तिथे शंभर वर्षं शाळेत आयरिश सक्तीची आहे. 1973 पर्यंत तर आयरिशमध्ये नापास झालं की शालान्त प्रमाणपत्रच मिळत नसे. 2022च्या जनगणनेत सुमारे 18 लाख 74 हजार लोकांनी आपल्याला आयरिश येते असं सांगितलं. शाळेबाहेर ती रोज बोलणारे निघाले सुमारे 72 हजार. मराठीची स्थिती आयरिशसारखी नाही, कोट्यवधी लोक ती बोलतात, हे खरं. पण मुंबई-ठाण्याच्या इंग्रजी शाळांपुरतं बोलायचं तर आपण त्याच रस्त्यावर आहोत: येते म्हणणारे पुष्कळ, बोलणारे थोडे.

आणखी एक गोष्ट, जी शहरातल्या वादात कोणाच्या लक्षात येत नाही. मराठी ही दुसरी भाषा असलेली मुलं फक्त मुंबईच्या टॉवरमध्ये राहत नाहीत. धारणी-चिखलदऱ्यातलं कोरकू मूल, भामरागडचं माडिया मूल, नंदुरबारच्या डोंगरातलं भिली किंवा पावरी बोलणारं मूल पहिलीत येतं तेव्हा त्याच्यासाठीही मराठी परकी असते. कोरकू तर मुंडा कुळातली, झारखंडच्या संथाली-मुंडारीची नातेवाईक. मराठीशी तिचं काही नातं नाही. शहरातल्या मुलाला मराठी नकोशी आहे कारण ती त्याला खालची वाटते. या मुलाला ती अवघड जाते कारण शाळेच्या मराठीत त्याचं घर, त्याचं रान, त्याचे सण यांना खालचं मानलं जातं. मुंबईच्या मुलाला मराठी आली नाही तर त्याचं काही बिघडत नाही. मेळघाटातलं मूल मात्र शाळेतूनच गळतं. ज्यांना मराठीची खरी गरज आहे, त्यांना ती मातृभाषा असल्यासारखी शिकवून आपण नापास करतो. एवढा अन्याय करून वर 'बोलीभाषांचा अभिमान' म्हणून त्याच मुलांना पारंपरिक वेशात मंचावर नाचवतो.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद आहे. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला त्या दिवसापासून मराठीत एक वाक्य जास्त बोलावंसं वाटलेलं नाही, हेही नोंदवून ठेवते.

माझ्या मागण्या अशा:

1. अमराठी मुलांच्या मराठीच्या मूल्यमापनात निम्मे गुण ऐकण्या-बोलण्याला द्यावेत. सहावी-सातवीपर्यंत तर त्याहून जास्त. तोंडी परीक्षा पाठ केलेल्या उताऱ्याची नसावी, समोरासमोर गप्पांची असावी, आणि बोलीतला शब्द आला म्हणून गुण कापू नयेत.

2. 'माय मराठी'सारखा पायऱ्यांचा अभ्यासक्रम शाळांसाठी बेतून घ्यावा. मूल कोणत्या इयत्तेत आहे यापेक्षा त्याला किती मराठी येते हे पाहून त्याला पायरीवर बसवावं. बदलीच्या नोकरीमुळे आठवीत महाराष्ट्रात आलेलं मूल आणि इथेच जन्मलेलं मूल यांना एकच पुस्तक देणं थांबवावं.

3. पुस्तकात आजचा महाराष्ट्र यावा, आणि त्यात राहणारी अमराठी माणसंही. पुस्तक मंडळावर मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकलेली माणसं घ्यावीत. अशी माणसं महाराष्ट्रात हजारोंनी आहेत; त्यांना कुठे अडलं आणि कुठे मन बसलं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

4. दुसरी भाषा म्हणून मराठी शिकवण्याचं वेगळं प्रशिक्षण बी.एड. आणि डी.एल.एड. मध्ये असावं. जे आता शिकवत आहेत त्यांना ते सुट्टीत, पगारी द्यावं.

5. मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते. त्यातल्या मराठी माध्यमाच्या आणि इतर माध्यमांच्या मुलांची गाठ घालून द्यावी. सहामाहीत निदान एकदा गड, नाटक, कबड्डीचे सामने, काहीही. खासगी शाळांनाही त्यात ओढावं. मराठी बोलणारा बरोबरीचा मित्र मिळाला की माझं निम्मं काम होतं.

6. कोरकू, गोंडी, माडिया, भिली, पावरी, कोलामी बोलणाऱ्या मुलांना पहिली-दुसरीत त्यांच्या भाषेतून सुरुवात करून मराठीत आणावं, आणि त्यांच्या भाषेतला शिक्षक किंवा मदतनीस शाळेत पगारावर असावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये मातृभाषेतून शिक्षणाचं म्हटलं आहे, ते या मुलांपासून सुरू व्हावं.

7. मराठीच्या नावाने कोणाला मारहाण झाली, तर मराठी भाषा मंत्र्यांनी त्याच दिवशी जाहीर निषेध करावा. मुलं बघत असतात.

पुस्तक एका वर्षात बदलत नाही, प्रशिक्षणाला निधी लागतो, हे मला समजतं. पण तोंडी परीक्षेला फक्त एक परिपत्रक लागतं. नवं शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी ते निघू शकतं. पुढच्या तक्त्यात 'मुलं मराठीत बोलतात का' हा रकाना घालायला तर पैसाही लागत नाही. या दोन गोष्टी होणार आहेत की नाहीत, एवढं आपण दोघांनी जाहीरपणे सांगावं.

कळावे,
आपली,
एक मराठी शिक्षिका,
ठाणे